पांढरा अंधार आणि त्याचे समीक्षक

१४ मे २००८ रोजी एकसष्टाव्या कान महोत्सवाचा पडदा फर्नांदो मेइरेलिस यांच्या ‘ब्लाइंडनेस’ या चित्रपटाने उघडला. उद्घाटनाच्या रात्री सहसा झगमगाटी चित्रपट निवडला जातो. त्या रात्री मात्र प्रेक्षकांसमोर एक अख्खे शहर आंधळे होत गेले, आंधळ्यांना वापरात नसलेल्या मनोरुग्णालयात कोंडले गेले आणि तेथे अन्नाच्या डब्यांच्या बदल्यात आधी दागिने व मग स्त्रिया मागितल्या गेल्या. समीक्षकांचा प्रतिसाद एकंदरीत थंड होता. साडेचार महिन्यांनी, चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित होण्याच्या तोंडावर, तेथील अंधांच्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या संघटनांपैकी एका संघटनेने त्याविरुद्ध देशभर निदर्शने जाहीर केली.

या चित्रपटाच्या वाट्याला आलेल्या दोन नकारांचा इतिहास बहुधा दोन वेगळ्या प्रकरणांत सांगितला जातो. समीक्षकांचा नकार कलात्मक मानला जातो. अंधांचा नकार सामाजिक, आणि पुष्कळदा गैरसमजातून आलेला. आमचे म्हणणे वेगळे आहे. हे दोन्ही नकार एकाच ठिकाणी बोट ठेवीत होते. रूपककथेतील आंधळेपण जेव्हा खऱ्याखुऱ्या देहांवर दाखवावे लागते, तेव्हा काय होते, हा दोघांचाही प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाच्या अधिक जवळ समीक्षकांपेक्षा निदर्शक पोचले होते, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

आधी कादंबरीविषयी. जुझे सारामागु यांची ही कादंबरी १९९५ साली प्रसिद्ध झाली. मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ ‘आंधळेपणाविषयी निबंध’ असा होतो. १९९७ च्या इंग्रजी अनुवादात त्यातील ‘निबंध’ गळाला आणि नुसते ‘आंधळेपण’ उरले. (ब्राझीलमध्ये चित्रपटाने मूळ शीर्षक राखले, हे येथे नोंदवायला हवे.) हा फरक वरवर किरकोळ दिसतो, पण ‘निबंध’ हा शब्द वाचकाला आधीच सांगून ठेवतो की पुढे जे घडणार आहे तो एक विचारप्रयोग आहे. ‘असे झाले तर?’ एवढेच लेखक विचारीत आहे. शीर्षकातून निबंध वजा केला की उरते ते एखाद्या वैद्यकीय अवस्थेचे नाव.

सारामागु यांनी हा विचारप्रयोग भाषेच्या बळावर उभा केला आहे. त्यांच्या पात्रांना नावे नाहीत. पहिला आंधळा, त्याची बायको, नेत्रवैद्य, नेत्रवैद्याची बायको, काळ्या चष्म्याची मुलगी, तिरळा मुलगा, डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला म्हातारा, अशी ती ओळखली जातात. शहराला नाव नाही, देशाला नाव नाही. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत. स्वल्पविरामांच्या आधारे एक आवाज दुसऱ्यात मिसळत जातो आणि कोण बोलले हे वाचकाला चाचपडत शोधावे लागते. रोग आहे तोही काळोखाचा नाही. दुधाळ पांढरेपणाचा आहे. या सगळ्यावर एका निवेदकाचा आवाज आहे. तो कधी थट्टा करतो, कधी म्हणी फिरवून घेतो, कधी स्वतःलाच दुरुस्त करतो. हा आवाज सोबत असल्यामुळेच वाचक त्या नरकातून चालत जाऊ शकतो.

थोडक्यात, वाचकाला या कादंबरीत काहीच ‘दिसत’ नाही. पात्रांचे चेहरे, कातडीचा रंग, रस्त्यांवरच्या पाट्या, सारे काही वाचकाच्या मनात अस्पष्ट राहते, आणि त्या अस्पष्टतेतच रूपक तग धरते. वाचकालाही आंधळे करण्याची ही युक्ती १९९८ च्या नोबेलनंतर जगभरच्या वाचकांपर्यंत पोचली.

चित्रपटाला हे सुख नाही. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला चेहरा असतोच. सारामागु यांना याची जाणीव असावी. मेइरेलिस यांनी १९९७ च्या सुमारासच हक्क मागितले होते, तेव्हा त्यांनी नकार दिला. हे पुस्तक हिंसेचे, बलात्काराचे, समाजाच्या ऱ्हासाचे आहे आणि ते भलत्या हाती पडू नये, अशी त्यांची भूमिका होती. पुढे कॅनडाचे पटकथाकार डॉन मॅकेलर आणि निर्माते निव्ह फिचमन हे लांझारोते बेटावरील त्यांच्या घरी गेले आणि त्यांचे मन वळवून आले. अट एवढीच होती की कथा ज्या देशात घडते तो देश प्रेक्षकांना ओळखू येता कामा नये. मेइरेलिस यांच्याकडे दिग्दर्शन आले ते त्यानंतर. तोवर ‘सिटी ऑफ गॉड’ (२००२) आणि ‘द कॉन्स्टंट गार्डनर’ (२००५) यांमुळे त्यांचे नाव झाले होते.

ही अट पाळण्यासाठी चित्रीकरण साओ पावलो, मोंतेविदेओ आणि कॅनडातील ग्वेल्फ व टोरांटो अशा शहरांत विभागले गेले. नेत्रवैद्याच्या बायकोच्या भूमिकेत ज्युलियन मूर, वैद्याच्या भूमिकेत मार्क रफालो, काळ्या पट्टीचा म्हातारा डॅनी ग्लोव्हर, काळ्या चष्म्याची मुलगी आलिसी ब्रागा, पहिले जोडपे युसुके इसेया आणि योशिनो किमुरा हे जपानी कलावंत, आणि तिसऱ्या कक्षाचा स्वयंघोषित राजा गाएल गार्सिया बेर्नाल. कुठलाच देश दिसू नये म्हणून सगळे जग एका खोलीत आणले गेले. पण नाव नसणे आणि नावे लपवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कादंबरीतील शहर निनावी आहे. चित्रपटातील शहर पाहताना प्रेक्षक ‘हे कुठले असावे?’ असा विचार करू लागतो. रूपक सर्वत्र लागू पडावे म्हणून केलेली योजना प्रेक्षकाला कोडे सोडवायला बसवते.

छायालेखक सेझार शार्लोनी यांनी पांढऱ्या अंधारासाठी दृश्यभाषा घडवली. अतिप्रकाशित चौकटी, विरघळणाऱ्या कडा, काचांतील प्रतिबिंबे, फोकसमधून निसटणारे चेहरे, मध्येच संपूर्ण पांढरा होणारा पडदा. यामागे पुष्कळ कष्ट होते. शेकडो कलाकारांकडून डोळ्यांवर पट्ट्या बांधून सराव करून घेण्यात आला होता. तरी प्रश्न उरतोच. पडद्यावर पांढरा रंग पाहणारा प्रेक्षक आंधळा झालेला नसतो. तो पांढरा रंग पाहत असतो. आणि पुढच्या क्षणी तो पुन्हा डोळस होऊन त्या आंधळ्यांकडे, त्यांच्या नकळत, पाहू लागतो. कादंबरीचा वाचक आंधळ्यांच्या रांगेत असतो. चित्रपटाचा प्रेक्षक नेत्रवैद्याच्या बायकोच्या जागी असतो, पण तिची जबाबदारी त्याच्यावर नसते.

कानमधील प्रतिसादाकडे या दृष्टीने पाहिले तर त्यातील गोंधळाचा उलगडा होतो. ‘व्हरायटी’च्या समीक्षकाला सारामागु यांच्या गद्यातील शोकात्म विस्तार आणि मानवी स्पंदन चित्रपटात क्वचितच जाणवले. उलट लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये पीटर ब्रॅडशॉ यांनी त्याच्या बांधेसूद आणि आत्मविश्वासपूर्ण रूपांतराचे कौतुक केले. अमेरिकेत प्रदर्शित झाल्यावर रॉजर ईबर्ट यांना तो पाहणे असह्य वाटले, तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ए. ओ. स्कॉट यांनी चित्रपट थोर नसल्याचे सांगतानाच त्यातील कारागिरीला दाद दिली. एकाला तो फार थंड वाटला, दुसऱ्याला फार जळजळीत. एकाची तक्रार होती की रूपक मांसल झाले नाही. दुसऱ्याची, की इतक्या मांसल घाणीतून रूपक वर येत नाही. या तक्रारी परस्परविरोधी दिसतात. पण दोन्हींचे मूळ एकच आहे: पडद्यावरची माणसे कशाची तरी चिन्हे आहेत की माणसे आहेत, हे ठरत नव्हते.

दिग्दर्शकाने केलेले बदलही याच अडचणीची साक्ष देतात. चाचणी प्रदर्शनांच्या वेळी बलात्काराच्या दृश्यात काही प्रेक्षक उठून गेले, तेव्हा ते दृश्य सौम्य केले गेले. कानच्या प्रतीत काळ्या पट्टीच्या म्हाताऱ्याचे, म्हणजे ग्लोव्हर यांचे, निवेदन बरेच होते. टीकेनंतर ते पुष्कळसे कमी करण्यात आले. चित्रपटाच्या अंगाने हा निर्णय रास्त असेल. जे दिसते आहे ते सांगत बसू नये, हे पटकथेचे पहिले पथ्य आहे. परंतु तो आवाज म्हणजेच कादंबरीतील ‘निबंध’ होता. तो ओसरल्यावर पडद्यावर नुसते आंधळेपण उरले. इंग्रजी शीर्षकात जे घडले होते, तेच संकलनाच्या टेबलावर पुन्हा घडले.

आता दुसऱ्या नकाराकडे येऊ. १९४० साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ने सप्टेंबर २००८ च्या अखेरीस जाहीर केले की किमान २१ राज्यांत मिळून ७५ चित्रपटगृहांबाहेर निदर्शने होतील. चित्रपट ३ ऑक्टोबरला लागायचा होता. संघटनेचा आक्षेप सरळ होता. या चित्रपटातील आंधळी माणसे अंगावर कपडे चढवू शकत नाहीत, शौचालय शोधू शकत नाहीत, घाणीत लोळतात आणि पशूंसारखी वागतात. अंधांना नोकरीवर न ठेवणाऱ्या समाजाच्या मनात आधीच जी समजूत आहे तिला हा चित्रपट खतपाणी घालतो. काम करण्याच्या वयातील अमेरिकन अंधांपैकी सुमारे ७० टक्के बेरोजगार आहेत, हे ही संघटना त्या काळी सातत्याने मांडत असे. त्या आकड्याच्या पार्श्वभूमीवर पाहिले तर पडद्यावरची प्रतिमा ही केवळ प्रतिमा राहत नाही. मुलाखतीला गेलेल्या अंध उमेदवाराच्या आधी ती त्या खोलीत जाऊन बसलेली असते.

सारामागु तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी हा आक्षेप फेटाळला, आणि मूर्खपणा डोळस व आंधळे असा भेद करीत नाही, अशा आशयाचे तिखट उत्तर दिले. उत्तर चटकदार आहे. आक्षेपाला मात्र ते पुरे पडत नाही. सारामागु यांच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद करता येतो. कादंबरीतील माणसे अंध नाहीत. ती अचानक, एकाच वेळी, कसल्याही शिक्षणाविना आंधळी झालेली आहेत आणि वर बंदुकीच्या धाकाने कोंडलेली आहेत. त्यांची दुर्दशा दृष्टी गेल्यामुळे जितकी होते, त्याहून अधिक सैनिकांमुळे, सरकारमुळे आणि भुकेमुळे होते. तेव्हा हे चित्रण अंधांचे नाहीच.

हा युक्तिवाद आम्हालाही बराच काळ पुरेसा वाटत होता. तो एका पात्रापाशी येऊन अडखळतो. तिसऱ्या कक्षातील गुंडांच्या टोळीत एक हिशेबनीस आहे. या साथीच्या आधीपासून आंधळा असलेला तो तेथील एकमेव माणूस. त्याला ब्रेल येते. लुटलेल्या ऐवजाची नोंद तो ठिपक्यांत करतो. इतरांना जे जमत नाही ते सारे त्याला सहज जमते. आणि हा माणूस कुठे आहे? खंडणी आणि बलात्कार करणाऱ्यांच्या बाजूला. नेत्रवैद्याची बायको म्होरक्याला कात्रीने मारते, तेव्हा पिस्तूल उचलून टोळीची सूत्रे हाती घेतो तो हाच. चित्रपटात मॉरी चेकिन यांनी ही भूमिका केली आहे. आंधळेपणी जगण्याची विद्या अवगत असलेल्या एकुलत्या एक माणसाचा कादंबरीला उपयोग होतो तो एवढाच.

असे असण्याची गरज नव्हती. एच. जी. वेल्स यांनी १९०४ सालीच ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ या कथेत याच्या उलट प्रयोग केला होता. पिढ्यान्‌पिढ्या अंध असलेल्या लोकांनी वसवलेल्या दरीत एक डोळस माणूस पोचतो, राज्य करण्याची स्वप्ने पाहतो आणि तोच तेथे अपंग ठरतो. वेल्सच्या कथेतही आंधळेपण रूपकच आहे. पण त्या रूपकात अंधांना रस्ते आहेत, शेती आहे, तत्त्वज्ञान आहे. सारामागु यांच्या विचारप्रयोगात ‘अंध माणूस कसा जगतो?’ हा प्रश्न विचारू शकेल असा एकच माणूस होता आणि त्याला खलनायकाचा कारकून केले गेले.

रूपककथेवरचा हा आक्षेप साहित्यविचारात अगदीच नवा नाही. काम्यू यांच्या ‘प्लेग’वर (१९४७) रोलाँ बार्थ यांनी १९५५ साली असाच बोट ठेवले होते. नाझी अमलाच्या जागी जंतू आणला की अत्याचार करणारा माणूस दृश्यातून नाहीसा होतो आणि इतिहासाची जबाबदारी निसर्गावर जाते, असा त्यांचा मुद्दा होता. काम्यू यांनी उत्तर दिले की कथेचा रोख कोणावर आहे हे साऱ्या युरोपने ओळखले आहे, आणि एका जुलमाची गोष्ट इतर जुलमांनाही लागू पडावी हाच रूपकाचा हेतू आहे. सूसन सोंटॅग यांनी १९७८ साली प्रश्नाची दिशा बदलली. रूपकामुळे इतिहासाचे काय होते यापेक्षा रुग्णाचे काय होते, असे त्यांनी विचारले. २००० साली डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी दाखवून दिले की साहित्य अपंगत्वाचा वापर कुबडीसारखा करीत आले आहे. कथा त्यावर टेकून उभी राहते, पण कुबडीविषयी तिला काही म्हणायचे नसते. ऑक्टोबर २००८ मध्ये चित्रपटगृहांबाहेर फलक घेऊन उभे राहण्याची तयारी करणारे लोक याच परंपरेतला प्रश्न विचारीत होते. फरक एवढाच, की त्यांना समीक्षक म्हणून कोणी मोजले नाही.

हा विरोध कादंबरीच्या वेळी का झाला नाही? इंग्रजी अनुवाद येऊन तेव्हा अकरा वर्षे लोटली होती. कादंबरीपेक्षा चित्रपट अधिक माणसांपर्यंत जातो, हे उत्तर खरे आहे. पण अपुरे आहे. शब्दातले आंधळेपण वाचक मनात धरतो आणि कादंबरी मिटताना त्याचा अर्थ लावतो. पडद्यावरचे आंधळेपण हात पुढे करून चाचपडणाऱ्या, ठेचकाळणाऱ्या, घाणेरड्या देहाचे असते, आणि प्रेक्षक चित्रपटगृहाबाहेर पडताना अर्थ विसरला तरी तो देह विसरत नाही. चित्रपटाने कादंबरीत नसलेले काही आणले असे नाही. कादंबरीने निवेदकाच्या आवाजामागे झाकलेले त्याने उजेडात आणले. एका दृश्यात तिसऱ्या कक्षाचा राजा स्टीव्ही वंडरचे गाणे म्हणतो. गायक अंध आहे हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला हसू येते, आणि मग आपण नेमके कशाला हसलो असा प्रश्न पडतो. पडला पाहिजे.

स्वतः सारामागु यांनी चित्रपट पाहिला तो कानमध्ये नव्हे. प्रकृतीमुळे ते तेथे जाऊ शकले नाहीत. मेइरेलिस यांनी तो लिस्बनला नेऊन दाखवला. दिवे लागले तेव्हा म्हाताऱ्या लेखकाच्या डोळ्यांत पाणी होते, आणि पुस्तक लिहून संपवताना झालेल्या आनंदाशी त्यांनी या आनंदाची तुलना केली. त्या प्रसंगाचे चित्रण पुष्कळांनी पाहिले आहे. लेखकाची पसंती हा समीक्षेचा निकाल असत नाही. पण कानच्या थंडपणाइतकाच हा अश्रूही चित्रपटाच्या इतिहासाचा भाग आहे. १८ जून २०१० रोजी सारामागु निवर्तले.

इतिहास तेथे थांबला नाही. २०२० साली साथीने जग बंद केले तेव्हा विलगीकरण, रिकामे रस्ते आणि सरकारी घोषणा यांचे हे पुस्तक पुन्हा उघडले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या डॉनमार वेअरहाऊसने त्याचे एक वेगळे रूपांतर सादर केले. सायमन स्टीव्हन्स यांची संहिता, वॉल्टर मायरयोहान यांचे दिग्दर्शन. रंगमंचावर नट नव्हता. प्रेक्षक अंतर राखून बसत, कानांवर हेडफोन घालत, आणि बराच वेळ पूर्ण काळोखात ज्युलिएट स्टीव्हन्सन यांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकत. या प्रयोगाचे स्वागत चित्रपटापेक्षा कितीतरी उबदार झाले; २०२१ मध्ये तो न्यूयॉर्कलाही गेला. यात आमच्या मुद्द्याला बळ मिळते. येथे निबंधाचा आवाज परत आला होता, आणि पाहण्यासाठी एकही आंधळा देह नव्हता. प्रेक्षकाला कोणाकडे टक लावून पाहण्याची मुभाच उरली नव्हती. समीक्षकांची बारा वर्षांपूर्वीची अडचण अशा रीतीने सुटली. अंधांची मात्र अर्धीच सुटली, कारण आंधळेपण म्हणजे ऱ्हास हे समीकरण तेथेही तसेच होते.

हे सारे आपण, मराठी शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी, का लक्षात ठेवावे? कारण हे समीकरण आपल्या भाषेतही घट्ट बसलेले आहे. आपण ‘अंधश्रद्धा’ म्हणतो, ‘अंधानुकरण’ म्हणतो, गलथान कारभाराला ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ म्हणतो, आणि त्यातल्या दळणाऱ्या माणसाचा विचार मनात येत नाही. कला शाखेच्या वर्गात अंध विद्यार्थी असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. त्यांच्यासमोर आपण धृतराष्ट्राच्या आंधळेपणाचा अर्थ सांगतो आणि मोहाचे प्रतीक म्हणून पुढे जातो. शब्द टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. रूपकाविना भाषा चालत नाही आणि सारामागु यांची कादंबरी गेल्या शतकाच्या अखेरीची एक थोर कादंबरी आहे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. मात्र ती शिकवताना नेत्रवैद्याच्या बायकोपाशी जितका वेळ थांबायचे, तितकाच त्या ब्रेल लिहिणाऱ्या हिशेबनिसापाशीही थांबावे, आणि त्याच्याविषयी पहिला प्रश्न वर्गातल्या ज्या विद्यार्थ्याला ब्रेल येते त्याला विचारू द्यावा.